शाळेतील मुलांचे 'संगीत सौभद्र' पाहायला जाताना घरच्यांनी कसे वागावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सांगलीचे. माझी मुलगी नववीत शिकते आणि येत्या शनिवारी तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवी-नववीची मुले अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' हे संगीत नाटक सादर करणार आहेत. मूळचे पाच अंकी नाटक बाईंनी दोन तासांत बसवले असून शंभराहून अधिक पदांपैकी सतरा पदे ठेवली आहेत. मुलगी कृष्ण झाली आहे. ध्वनिमुद्रित साथ न वापरता पेटी आणि तबला प्रत्यक्ष वाजणार आहेत, आणि गेले दोन महिने आमच्या घरात उठता-बसता 'नच सुंदरी करू कोपा' चालू असल्यामुळे साडेचार वर्षांचा धाकटाही आता मी रागावले की तेच पद मला म्हणून दाखवतो.

मला पडलेले प्रश्न तिच्या तयारीविषयी नाहीत, ते आमच्याविषयी आहेत. माझे सासरे 81 वर्षांचे. त्यांनी उमेदीच्या काळात रात्र-रात्र जागून संगीत नाटके ऐकली आहेत आणि ऐकताना मनात येईल ते मोठ्याने बोलण्याची त्यांची सवय आहे. नातीचा सराव दिवाणखान्यात चालू असताना "हिचा षड्ज अजून बसलेला नाही", म्हणजे पायाचा 'सा' पक्का नाही, असे ते दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्या वेळी ती सराव सोडून आत निघून गेली. एकीकडे असे, तर दुसरीकडे तिच्या पदाला वन्समोअर द्यायचाच असा त्यांचा निर्धार आहे. माझ्या यजमानांना पहिल्या रांगेत तिपाई लावून संपूर्ण प्रयोग चित्रित करायचा आहे आणि नंतर तो यूट्यूबवर टाकायचा आहे. धाकट्याला घरी ठेवावे की न्यावे, हेही अजून ठरत नाही.

शेवटची शंका जरा नाजूक आहे. समजा, प्रयोगात तिचे एखादे पद फसलेच, तर परतीच्या वाटेवर तिच्याशी काय बोलावे? ज्यांनी अशी नाटके बसवली आहेत, साथ केली आहे किंवा पालक म्हणून पाहिली आहेत, त्यांनी अनुभव सांगितल्यास बरे होईल.

षड्ज (उत्तर)

मी माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षे संगीत शिकवले आणि त्या काळात संगीत नाटकांचे प्रवेश आणि दोन अखंड नाटके मुलांकडून बसवून घेतली, त्यामुळे आपल्या सासऱ्यांच्या शेऱ्यापासूनच सुरुवात करते. त्यांचे कान बहुधा बरोबर असतील, पण कारण वेगळे असण्याची शक्यता आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो हे सर्वांना दिसते. मुलींच्या आवाजातही त्या वयात बदल होत असतो, मात्र तो इतका उघड नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. जूनमध्ये काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला 'सा' धरून, सहज गाणारी मुलगी डिसेंबरात वरच्या सुरांना घसा ताणू लागते, आणि मग शिक्षकाला तिची पट्टी, म्हणजे 'सा'ची उंची, उतरवून काळी चार करावी लागते. पट्टी बदलली की जुन्या सवयीचा षड्ज कानातून जायला आठ-पंधरा दिवस लागतात. तिच्या बाईंनी अलीकडे पट्टी बदलली आहे का, एवढे विचारून पाहा. तसे असेल तर तिच्यात दोष नाही आणि आजोबांच्या कानातही नाही.

शालेय संगीत नाटकात पट्टी हा शिक्षकाचा सर्वात मोठा ताप असतो, आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ताही नसतो. अर्जुन झालेल्या मुलाचा आवाज फुटून काळी एक-दोनवर आलेला असतो, सुभद्रा काळी चारमध्ये गाते, नारद झालेला आठवीतला मुलगा अजून कोवळ्या आवाजात तिच्याही वर चढतो, आणि एकाच प्रवेशात तिघांची पदे पाठोपाठ येतात. व्यावसायिक नट गद्य संवाद बोलता बोलता पुढच्या पदाच्या सुराशी येऊन थांबतो. मुलांना ते जमत नाही, म्हणून पेटीवाला संवादाच्या शेवटच्या वाक्याखाली हळूच सूर भरून ठेवतो. त्या क्षणी सभागृहात कुजबुज असेल तर मुलाला तो सूर ऐकू येत नाही आणि पहिलीच ओळ भलत्या सुरात उचलली जाते. पद फसण्याची जी कारणे मी पाहिली, त्यांत हे कारण सरावाच्या अभावापेक्षा अधिक वेळा आढळले. तेव्हा आजोबांना एवढीच विनंती करा, की पद संपल्यावर हवे ते बोलावे, पण पद सुरू होण्याआधीच्या दोन वाक्यांना मौन पाळावे. जुन्या रसिकाला हे कारण सांगितले तर पटते. नुसते "बोलू नका" म्हटले तर तो दुखावतो.

वन्समोअर मात्र देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांचा दम बेताचा असतो, सभागृह ठरावीक वेळेपुरतेच मिळालेले असते, आणि एकीला वन्समोअर मिळाला की तिच्यामागून गाणारी मुलगी विंगेत उभी राहून तो ऐकत असते, हे विसरू नये.

धाकट्याला अवश्य न्या, पण गोष्ट आधी सांगून न्या. बलरामदादाला बहिणीचे, सुभद्रेचे, लग्न दुर्योधनाशी लावायचे आहे, बहिणीला अर्जुन आवडतो, आणि भावंडांतला लबाड कृष्ण कोणालाही कळू न देता सगळी सूत्रे हलवतो. संन्याशाच्या वेषातला अर्जुन सर्वांना फसवतो. साडेचार वर्षांच्या मुलाला यात न समजण्यासारखे काहीच नाही. घटोत्कच राक्षस येणार आहे आणि तो म्हणजे शाळेतलाच अमुक दादा आहे, हे मात्र नावानिशी सांगून ठेवा.

अंत्रुज (उत्तर)

मी फोंड्याचा. आमच्याकडे जत्रेच्या निमित्ताने देवळाच्या प्रांगणात हौशी मंडळींची संगीत नाटके होतात, त्यांना मी पेटीची साथ करतो आणि शाळांनी बोलावले तर तेथेही जातो. वरील उत्तरातील पट्टीचा मुद्दा अगदी खरा आहे. त्यात साथीदाराच्या बाजूने थोडी भर घालतो.

टाळ्या कधी वाजवाव्यात, हे प्रेक्षकांनी ठरवून घेतले तर मुलांवर फार उपकार होतील. नात्यागोत्यातील मंडळी आपले मूल रंगमंचावर येताच टाळ्यांचा कडकडाट करतात आणि त्याच वेळी ते मूल पहिला सूर शोधत असते. 'राधाधर मधु मिलिंद' म्हणत नारद येतो तेव्हा हे हमखास घडते, कारण नारद वेषातच ऐटदार दिसतो. प्रवेशाला टाळी नको. आलाप किंवा तान चालू असताना मध्येच टाळी पडली, तर ठेका ऐकू न आल्याने मूल समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे चुकते. शेवटचे ध्रुवपद म्हणून मूल थांबले आणि तबल्याची तिहाई, म्हणजे तीनदा वाजणारा शेवटचा तुकडा, संपली की मग मनसोक्त वाजवा.

मुलगी मध्येच शब्द विसरली तर काय होते, हे आपल्याला आधीच ठाऊक असलेले बरे. शब्द गेला की आम्ही ध्रुवपदाची चाल पेटीवर फिरवत राहतो, तबलजी ठेका सोडत नाही आणि विंगेतून प्रॉम्प्टर पुढचा शब्द देतो. मूल एक-दोन आवर्तनांत परत येते, आणि ज्याला पद पाठ नाही अशा श्रोत्याला ती जागा मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते. घात होतो तो एका गोष्टीने. पहिल्या रांगेतून कोणीतरी, बहुतेक वेळा आजी किंवा आजोबाच, प्रेमाने विसरलेली ओळ मोठ्याने सांगतात. मूल प्रेक्षकांकडे पाहते, विंगेकडचे लक्ष सुटते आणि मग खरोखरच सगळे हातचे जाते.

बसण्याच्या जागेविषयी सांगायचे तर पहिली रांग टाळा. शाळेच्या सभागृहात तबला आणि पेटी सहसा रंगमंचासमोर एका बाजूला बसतात, आणि पुढच्या कडेला बसलेल्या माणसाला गाण्यापेक्षा तबलाच जास्त ऐकू येतो. चौथ्या-पाचव्या रांगेत मध्यावर आवाजाचा तोल बरा असतो. कॉलर माईक असतील तर अडचण आणखी वेगळी येते, कारण कृष्णाच्या गळ्यातल्या मोत्यांच्या माळा माईकवर घासतात आणि नारदाने छातीजवळ चिपळ्या वाजवल्या की सभागृहात फटाके फुटल्यासारखा आवाज होतो. आपल्या मुलीच्या माळा माईकखालीच राहतील अशा टाचणीने अडकवून द्या. हे काम वेषभूषेच्या गर्दीत कोणाला सुचत नाही.

पाचवी रांग (उत्तर)

चित्रीकरणाबद्दल लिहितो, कारण त्याच चुकीचा मी धनी आहे. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या शाळेत असाच संगीताचा कार्यक्रम होता आणि मी तो पूर्ण वेळ मोबाइलच्या पडद्यात पाहिला. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांचा हात मध्ये येतो आहे का आणि बॅटरी पुरेल का, याच विवंचनेत तास गेला. मुलाने पद म्हणताना माझ्याकडे पाहिले होते, असे त्याने नंतर सांगितले. त्याला माझा चेहरा दिसलाच नाही, फोनची मागची बाजू दिसली. ते चित्रण आजवर एकदाच पाहिले गेले आहे आणि त्यात तबल्याशिवाय फारसे काही ऐकू येत नाही.

बहुतेक शाळा स्वतःचे चित्रीकरण करून घेतात. आपल्या यजमानांना हवेच असेल तर तिचे एक पद ठरवून तेवढेच टिपावे, तेही मागच्या भिंतीशी उभे राहून, आणि पडद्याचा उजेड कमी करून.

यूट्यूबचा विषय मात्र गांभीर्याने घ्यावा. नाटकाच्या हक्काची अडचण येत नाही, कारण आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि अण्णासाहेब किर्लोस्कर तर 1885 सालीच वारले. शिवाय शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी केवळ शाळेतील मंडळी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहेच. खरा प्रश्न रंगमंचावरच्या इतर वीस-पंचवीस मुलांचा आहे. ती सर्व अल्पवयीन आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना न विचारता त्यांचे चेहरे जगासमोर मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यातल्या एखाद्याचा त्या दिवशी आवाज चिरकला असेल, तर तोच तुकडा कापून वर्गात वर्षभर फिरवला जातो.

तिसरी घंटा (उत्तर)

षड्ज यांच्या अनुभवाचा आदर राखून वन्समोअरच्या बाबतीत मतभेद नोंदवतो. वन्समोअर ही संगीत नाटकाच्या श्रोत्याने दिलेली दाद आहे आणि ती काढून घेतली तर उरतो तो केवळ पाठांतराचा कार्यक्रम. 18 नोव्हेंबर 1882 रोजी पुण्यात 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले तेव्हा सुभद्रेची भूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर विशीच्या आतलेच होते. नारायणराव राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर मंडळी या नाटक कंपनीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. कोवळ्या वयात दाद मिळाल्याने कोणी बिघडले नाही. साकी, दिंडी, कामदा ही जुनी पद्यवृत्ते, लावणीच्या चाली आणि रागदारी अशा नाना घरांतून अण्णासाहेबांनी या पदांच्या चाली उचलल्या, त्या लोकांच्या तोंडी बसल्या, आणि पुन्हा पुन्हा मागून ऐकल्या गेल्या म्हणूनच आज सांगलीतल्या नववीच्या मुलीपर्यंत पोचल्या. सांगली तर मराठी नाटकाचे जनक विष्णुदास भावे यांचे गाव! तेथील आजोबांना गप्प बसवणे मला प्रशस्त वाटत नाही.

जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते. त्या काळी पुरुष सुभद्रा होत असत, आणि आता आपली मुलगी कृष्ण झाली आहे. आजोबांना याचे काय वाटते, ते जरूर कळवा.

षड्ज

तिसरी घंटा यांनी दिलेली उदाहरणे खरी असली, तरी ती येथे लागू करताना एक फरक ध्यानात घ्यावा. नाटक मंडळीतील मुलांचा सारा दिवस तालमीत आणि गाण्यात जात असे, आणि आमची मुले सहामाहीचे पेपर, शिकवणी आणि सायकलचा प्रवास सांभाळून आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास गातात. तरीही दाद पूर्णपणे तोडू नये, हे मला मान्य आहे. आम्ही शेवटी एक तोडगा काढला होता. एकाच पदाला वन्समोअर घ्यायचा हे तालमीतच ठरवायचे, पूर्ण पद न गाता ध्रुवपद आणि शेवटचा अंतरा एवढेच म्हणायचे, आणि घ्यायचा की नाही हे पेटीवाल्याने मान हलवून सांगायचे. आपल्या शाळेने असे काही ठरवले आहे का, ते बाईंना विचारावे आणि आजोबांना तसे सांगावे.

परतीच्या वाटेविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. त्या रात्री गाण्याबद्दल आपण होऊन काहीच बोलू नका. "फार छान झाले" हेही नको, कारण कुठे चुकले हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते, आणि सरसकट कौतुक ऐकले की आपल्या घरच्यांना काही कळलेच नाही, अशी तिची समजूत होते. तिला भूक लागलेली असेल, तर आधी खायला घाला. रंग उतरवताना ती स्वतःच बोलू लागेल. तेव्हा एखाद्या नेमक्या जागेचे नाव घेऊन सांगा, म्हणजे आपण ऐकले हे तिला कळेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. प्रयोग काल झाला, त्याचा वृत्तान्त कळवते.

पट्टीचा तर्क अचूक निघाला. बाईंनी तीन आठवड्यांपूर्वी तिची पट्टी काळी पाचवरून काळी चारवर आणली होती आणि ती आम्हाला काही बोलली नव्हती. हे कळल्यावर सासरे थोडा वेळ गप्प बसले आणि मग कपाटावरची जुनी पेटी काढून त्यांनी स्वतःच काळी चारचा सूर धरून ठेवायला सुरुवात केली. पुढचे चार दिवस सराव त्यांच्याजवळ बसूनच झाला. मुलगी कृष्ण होते याचे त्यांना काय वाटते, हेही विचारले. त्यांचे म्हणणे असे, की कृष्णाला गळा पाहिजे, मिशा कुठे पाहिजेत.

आम्ही पाचव्या रांगेत मध्यावर बसलो. तिसऱ्या घंटेला धुपाचा वास आला तेव्हा सासऱ्यांनी हात जोडले आणि नांदी संपेपर्यंत सोडले नाहीत. 'वद जाऊ कुणाला शरण' म्हणणाऱ्या सुभद्रेने तर सगळ्यांना स्तब्ध केले. ती मुलगी एरवी वर्गात तोंडही उघडत नाही म्हणे. नारदाच्या चिपळ्यांचे भाकीत मात्र शब्दशः खरे ठरले. तिसऱ्या ठोक्याला माईक जो बंद पडला तो पडलाच, आणि त्या मुलाने उरलेले पद माईकविना म्हटले. सभागृह इतके शांत झाले की पंख्यांची घरघर ऐकू येत होती, आणि तरीही त्याचा शब्दन् शब्द आमच्यापर्यंत पोचला.

'नच सुंदरी करू कोपा'च्या अंतऱ्यात आमच्या मुलीचा शब्द गेला. माझ्या शेजारी सासऱ्यांचे ओठ हलले, त्यांना ती ओळ पाठच आहे. पण त्यांनी उपरणे तोंडावर धरले आणि ते बोटांनी गुडघ्यावर ठेका मोजत राहिले. पेटी ध्रुवपदावर फिरत होती. रुक्मिणी झालेल्या मुलीला काय सुचले कोण जाणे, तिने रुसून पाठ फिरवली आणि कृष्ण तिच्या मागोमाग विंगेच्या बाजूला गेला. तिथे शब्द मिळाला असावा, कारण दुसऱ्या आवर्तनाला ती बरोबर समेवर आली. लोकांना तो अभिनयच वाटला आणि हशा पिकला. वन्समोअर शाळेने सुभद्रेच्या पदालाच ठेवला होता. तो सर्वांत मोठ्याने कोणी मागितला, हे सांगायला नको.

धाकटा घटोत्कच येताच माझ्या मांडीत शिरला आणि घटोत्कचाने हात हलवून त्याला ओळख दिल्यावर बाहेर आला. यजमानांनी तेवढे एकच पद मागच्या भिंतीशी उभे राहून टिपले. ते घरापुरतेच राहील.

परतताना कोणीच काही बोलले नाही. घरी पिठले-भात खाताना, चेहऱ्यावर अर्धा निळा रंग तसाच असताना, तिने विचारले, "आजोबा, कळलं का तुम्हाला?" ते म्हणाले, "शब्द गेला, सम नाही गेली." तिने आणखी पिठले वाढून घेतले.

सोमवारी इतर शाळांतील विद्यार्थ्यांसाठी दुसरा प्रयोग आहे. त्याला पालकांना बोलावलेले नाही, पण सासऱ्यांनी बाईंना फोन करून स्वतःची एक खुर्ची मिळवली आहे. या वेळी दोन रांगा आणखी मागे बसणार आहेत, कारण पाचव्या रांगेतही तबला जरा जास्तच वाजत होता, असे त्यांचे मत आहे.